नमुना क्रमांक सतरा

शिरोड्याच्या मिठागरावर बुटांचा उपयोग नाही,
हे पहिल्याच सकाळी कळलं.
बांधावर ते काढून ठेवले,
थर्मोकोलचा खोका डोक्यावर घेतला
आणि लाडोबा केरकरांच्या मागून चालत राहिले,
ते पाऊल टाकतील तिथंच पाऊल.

एप्रिलचं पाणी गुलाबी होतं.
सोलकढी पिऊन झाल्यावर वाटीच्या तळाशी उरते ना,
तसं.
"पानी लाजला," ते म्हणाले,
"आता चार दिसांत मीठ धरतला."
मी वहीत लिहिलं: क्षारता, तापमान, वेळ.
लाजेसाठी रकाना नव्हता.

सूक्ष्मदर्शकाखाली ते चौकोनी दिसतात.
खरोखर चौकोनी, टपालाच्या तिकिटासारखे पातळ,
जिथं दुसरं काहीही सुकून मरेल
तिथं अंग पसरून ऊन खाणारे.
जीवाणू म्हणू नकोस, सर बजावतात,
ते वेगळं घराणं, आर्किया.
साध्या पाण्यात टाकले तर फुटून मरतात.
नळाचा एक थेंब, संपलं.

दुपारी झोपडीत त्यांनी बरणी काढली.
लोणच्याची, चिनीमातीची, तोंडाला फडकं.
"ह्या माझ्या बापाशीन काढलेला.
मी तेवा सातवीत होतंय. आता नातू सातवीत."
माझा हात थरथरला,
कारण मिठाच्या खड्यात पाण्याचा इवलासा थेंब अडकतो
आणि त्या थेंबात कोंडलेले ते
वर्षानुवर्षं तग धरतात,
असं मी वाचलं होतं रात्री दोन वाजता
हॉस्टेलच्या जिन्यात, जिथं नेट येतं.

मग प्रयोगशाळा.
खडा धुतला, वरचं सगळं मारलं, आतला थेंब उघडला,
प्लेट पिशवीत गुंडाळून उबेत ठेवली.
पहिल्या आठवड्यात काही नाही. दुसऱ्यात नाही.
मेसमध्ये मुली विचारायच्या, तुझं बाळंतपण कधी गं?
चोविसाव्या दिवशी, रविवारी, शिपाई नसताना,
मोहरीएवढा तांबडा ठिपका.

फोन लावला. पलीकडे वारा होता.
"जिवंत आहेत! तुमच्या वडिलांच्या मिठातले!"
"असतलेच. मी दरवर्षी नव्या मिठाची मूठ
त्येच्यात घालतंय मगे."

मी काहीच बोलले नाही.

"आणि त्येच्यातली चिमट पयल्या पान्यात टाकतंय."
"कशासाठी?"
"काय म्हायत. बापूस टाकी."

पन्नास वर्षं मी पेन्सिलीनं लिहिली होती, बरं झालं.
सर म्हणाले, वय ठरत नाही, नमुना बाद.
मी मान हलवली. बादच.
घरी आले तर आई दुधाला विरजण लावत होती,
कालच्या दह्याचा चमचा,
जे परवाच्याचं, जे ताईच्या बारशाला
मयेकरांकडून वाटीभर मागून आणलेलं,
आणि त्यांनी कुठून, ते मयेकरांनाही ठाऊक नसेल.
"अशी बघतेस काय?" आई म्हणाली, "झाकण दे."

आता जुलै.
शिरोड्याला बांध बुडालेत,
कोंड्यांमधून बेडूक ओरडतायत, त्यांनीच फोनवर ऐकवले.
सगळं आगर गोडं झालंय, गुडघाभर,
म्हणजे माझ्या वहीप्रमाणे सगळे फुटून मेलेत.
पण डिसेंबरात मानशीचं दार उघडेल,
खाडी आत येईल, एप्रिलात पाणी पुन्हा लाजेल.
मधले महिने ते असतात कुठं,
चिखलात, वाऱ्यावर, पाणपाखरांच्या पायांना चिकटून?
हे विचारायचं मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

"बरणी कुठंय?" मी विचारलं.
"चुलीच्या वर. कोरडी असा. कित्या?"